सगळ्या जगाला खुला पेपर

"पेपर बंद करू नगंस गं. पेपर काय नुसता वाचायला असतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, फडताळात अंथरायला म्हणतायत! म्हटलं, "रद्दी आहे की ढीगभर!"

मी बी.ए. झालेली बाई, विचार करूनच ठरवलं होतं. आमच्या छकुलीला दात येत होते आणि खाऊपेक्षा तिला पेपर आवडायचा. एका सकाळी तिनं अख्खा अग्रलेख गिळला! शाई पोटात गेली म्हणून मी तिला घेऊन थेट बारामती गाठली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. आपल्याला पचत नाही, ते तिला पचलंय!"

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात आमचे हे, मानसिंग, बारामतीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. नव्याण्णव साल. क्लासात नुकतंच इंटरनेट आलेलं. "अगं, तिथं पेपर फुकट! रोज एक पान छापून आणतो. फळीवर ठेव, हिच्या हाताला लागणार नाही."

झालं! आमच्या पिंपळी गावात आमच्याइतकं पुढारलेलं घर नव्हतं.

राहिले जोतीरामआबा. मागच्या आळीत एकटेच राहायचे. रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं पेपर वाचायचे. आधी निधनवार्ता! "आज बी आपलं नाव न्हाय," म्हणत खुशीत चहा ओढायचे.

"आबा, आता पेपर कॉम्प्युटरवर. फुकट! सगळ्या जगाला खुला!"

"आन् आमाला?"

"तुम्हालाही! हे छापून आणतायत ना."

आणलंही. पण पानभर नुसती फुल्या-आकड्यांची रांगोळी! "क्लासात मराठी फॉन्ट नाही," हे पुटपुटले. आबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "बातमी लईच वाईट दिसतीया," म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मग येईचनात. म्हटलं, रुसले असतील! एकदा सासूबाई रिकाम्या ओट्याकडं बघून म्हणाल्या, "आबांचं काय कळंना गं." मी छकुलीला कडेवर मारलं आणि आबांच्या घराकडं पळाले.

दार आतून बंद. हाका मारून घसा बसला, उत्तर नाही! शेजारच्या ताईबाई धावत आल्या. "आबा दार उघडत नाहीत हो!" मी म्हटलं. ताईबाईंनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्या सूरजला सांगितलं, "आबा उठंनात!" सूरजनं बूथवरून क्लासात फोन लावला, "सर, आबा गेले!"

इकडं छकुली अजून दोन्ही हातांनी दार बडवत होती. मला काही सुचेना. रडतच ओरडले, "आबा, पेपर आलाय हो!"

आत खाट करकरली. सावकाश कडी निघाली. तापानं फणफणलेले आबा घोंगडं पांघरून दारात उभे. क्षीण आवाजात म्हणाले, "आज कोन गेलं?"

तेवढ्यात आमचे हे गाडी फेकून हार घेऊन आले! आबांनी हाराकडं पाहिलं. "कुणाचा सत्कार हाय, मास्तर?"

"तुमचाच!" हे गडबडून म्हणाले आणि हार घातलासुद्धा!

तशाच हारासकट आबांना दवाखान्यात नेलं. "अजून उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. पुढचं मी ऐकलंच नाही.

पेपर परत सुरू केला. मग एकदा छकुलीनं निधनवार्तांचं पान तोंडात कोंबलं. मी ओढायला धावले, तर आबा म्हणाले, "खाऊ दे गं पोरी. तेवढाच आमचा घोर मिटला!"

तुमच्याकडंही कुणी फुकट पेपर वाचायला येत असेल. आज आलं होतं का? नसेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला आणि आधी बघून या. जाताना पेपर न्या. हार मात्र घरीच राहू द्या!