टेकडीवर आधी उजाडतं

गाण्याचे सर सकाळपासून खुशीत होते. घरी बसून शिकण्याचं सत्र संपून शाळा आजच उघडली होती, आणि या सत्रात मुलं काय काय शिकली ते पालकांना दाखवायच्या कार्यक्रमात त्यांच्या सहा मुलांचं गाणं होतं. ते रंगलं तर गाण्याचा तास वाचणार होता. मुख्याध्यापिकाबाईंनी तो गणिताला द्यायचं जवळपास ठरवलं होतं. पण सरांना काळजी नव्हती. मोबाइलवर ही मुलं इतकी तालात गायची, की सरांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून दाद दिली होती.

कार्यक्रमाआधी तासभर सरांनी मुलांना ओळीत उभं केलं. "हं. चारला सुरू. एक, दोन..."

"उजाडलं!" गाण्याचा पहिला शब्द दोनलाच खणखणीत आवाजात आला. ही टेकडीपलीकडे राहणारी मुलगी; वर्गात तिला टेकडीच म्हणत. मग बाकीच्यांचंही एकेक करून उजाडलं. शाळेच्या फाटकासमोर राहणाऱ्या मुलाचं सगळ्यात शेवटी.

"अगं, एवढी कसली घाई?"

"सर, तुम्हीच सांगितलंत ना! तुझं नेट मंद, तू दोन ठोके आधी सुरू कर. मी पक्कं बसवलंय तसं."

"आणि मी अर्धा ठोका," फाटकवाला म्हणाला.

सर मटकन बाकावर बसले. आवाज उशिरा पोचतो म्हणून त्यांनी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या नेटच्या मापानं आधी सुरू करायला शिकवलं होतं. सहाही आवाज अगदी एकत्र यायचे, पण ते फक्त सरांच्या मोबाइलमध्ये. जगात दुसरीकडे कुठंच नाही.

"बरं, मोजू नका. एकमेकांचं ऐकून गा."

सहाही जणांनी मन लावून ऐकलं. गायलं कोणीच नाही. शेवटी फाटकवाल्यानं विचारलं, "सर, माझा आवाज येतोय का?"

सवय तासाभरात मोडणारी नव्हती. मग सरांनी हिशेबच उलटा केला. प्रत्येकाला वेगळा इशारा. तो मिळाला की त्यानं आपल्या सवयीनं मोजून सुरू व्हायचं. ज्याची घाई जास्त, त्याला इशारा उशिरा. फाटकवाल्याला उजवा हात, मधल्या चौघांना डाव्या हाताचं एकेक बोट. टेकडीपर्यंत हात संपले, म्हणून तिला भुवया. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा एकत्र उजाडलं! सरांनी घाम पुसला.

स्टेजवर मुलं सरांवर डोळे रोखून उभी राहिली. बाईंनी माइक घेतला. "आता गाणं. आणि पालकहो, सांगायला हरकत नाही, उद्यापासून हा तास आपण गणिताला देतोय."

सरांच्या भुवया सरळ कपाळावर चढल्या.

"उजाडलं!" टेकडीनं सुरू केलं.

आपला इशारा हुकला असं वाटून बाकीचे घाबरले आणि जमेल तसे मागून धावले. एका स्टेजवर सहा वेळा उजाडलं. टेकडीकडे दुपार झाली तरी फाटकापाशी अजून झुंजुमुंजूच. पालक हसून हसून बेजार झाले. पुढच्या रांगेतले गणिताचे सर मात्र हसत नव्हते. त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"सर, हे काय आहे?" गाणं तुकड्यातुकड्यानं संपल्यावर बाईंनी विचारलं.

सरांआधी टेकडीच पुढे झाली. "बाई, या सत्रात आम्ही आपापल्या वेळेला सुरू करायला शिकलो. माझं सगळ्यात अवघड होतं, तरी मी एकदाही चुकले नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच! आज सकाळी यांनी मला नमस्ते केलं, ते मी खुर्चीत जाऊन बसले तरी येतच होतं." त्या गणिताच्या सरांकडे वळल्या. "काय हो, तुमच्या जादा तासानं हे जाईल?"

"छे हो बाई!" गणिताचे सर हात जोडून म्हणाले. "आज पहिल्या तासाला सहाचा पाढा म्हणून घेतला. टेकडी पार साठावर, बाकीचे अजून अठ्ठेचाळीस-चोपन्न. मला काही नको. उलट माझा एक तास यांनाच द्या."

"दिला," बाई म्हणाल्या. "सर, आठवड्याला दोन तास. काय शिकवाल?"

"एकत्र सुरू करायला."

"आणि दुसऱ्या तासाला?"

सरांनी मुलांकडे पाहिलं. ओळीच्या टोकाला फाटकवाला डोळे मिटून अजून शेवटचा सूर लांबवत होता.

"एकत्र थांबायला," सर म्हणाले.