बंब, लाल, नग एक

सोनझरी नगरपंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत पान एकेचाळीसवर एक नोंद आहे : ‘बंब, लाल, पितळी तोटीसह, नग एक.’ ही नोंद करणारा कारकून आज हयात नाही. असता तर त्याचा सत्कार करावा की त्याला नोटीस द्यावी, यावरून गावात दोन तट पडले असते.

नोंदीतला बंब म्हणजे आग विझवायची गाडी. नागपूर राजधानी होती त्या काळातली. दाराचा लाल रंग नखाने खरवडला तर खालून ‘मध्यप्रदेश’ अशी अक्षरं निघतात. नाक हे एवढं लांब, नाकापुढे पाणी फेकायचा पंप. सायरन नाही, दोरी ओढून वाजवायची पितळी घंटा. वर लाकडी शिडी, पण छत नाही. त्या काळी जवान गाडीच्या दोन्ही कडांना पाठीला पाठ लावून बसत आणि आग दिसली की पटकन उडी मारत. वळण जोराचं असलं तर काही जण आग दिसायच्या आधीच खाली पोचत.

गाडी चालवायचे मधुकरराव. हँडलचे दोन फेरे मारले की इंजिन सुरू, तिसरा फेरा त्यांना कधी लागला नाही. कचेरीसमोर, रस्त्यापलीकडे वासुदेवरावांचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, कनाती, नवरदेव-नवरीच्या खुर्च्या, म्हणजे एका ठिणगीची वाट पाहणारा सगळा माल एकाच गोदामात. बारा वर्षांत तिथे तीनदा आग लागली आणि तिन्ही वेळा मधुकररावांनी गाडी रस्ता ओलांडून नेली आणि टपरीवर सांगितलेला चहा येण्याआधी काम आटोपलं. वासुदेवरावांचा संसार बंबाच्या भरवशावर चालला होता, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा लेखापरीक्षण झालं. बंब कचेरीच्या आवारातच उभा होता, पण परीक्षक साहेब बाहेर आले नाहीत, कारण बाहेर ऊन होतं. त्यांनी नोंदवही वाचली आणि आक्षेप नोंदवला : ‘मुद्दा सतरा. कार्यालयात स्नानगृह नसताना बंबाचे प्रयोजन काय? स्नान कोण करते? कोणाच्या मंजुरीने?’

मुख्याधिकारी नवे होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी मधुकररावांना बोलावलं.

“साहेब, हा आंगधुन्याचा बंब नाई. आगीचा हाये,” मधुकरराव म्हणाले. “खिडकीतून पाहा ना जी, दिसून राह्यला.”

“दिसतंय हो. पण कागदावर दिसत नाही.”

“मंग लिहून द्या न, गाडी हाये म्हनून.”

इथे कारकून योगेंद्र खाकरला. योगेंद्रला नियम तोंडपाठ होते, ही गावाची जुनी अडचण आहे. “गाडी म्हटलं, तं वाहन झालं, साहेब. वाहनाचं वय पाह्यतात. पंधरा वर्सावर गेलं का भंगारात. हे सत्तरीचं हाये. म्हनजे पंचावन्न वर्स आपन भंगार चालवून राह्यलो, असं होते.”

साहेब घामाघूम झाले. बंब म्हणावं तर अंघोळीचा हिशेब द्यायचा, गाडी म्हणावं तर पंचावन्न वर्षांचा खुलासा. शेवटी योगेंद्रनेच वाट काढली. वस्तू वाहनही नाही आणि भांडंही नाही, ती ‘ऐतिहासिक वारसा’ आहे. साहेबांनी त्याला जवळजवळ मिठी मारली.

वारसा म्हटल्यावर समिती आली आणि समितीबरोबर नियमावली. वारसा वस्तू ओली होता कामा नये, म्हणून टाकी रिकामी करून आत डांबरगोळ्या टाकल्या. ती हलता कामा नये, म्हणून चाकांखाली सिमेंट ओतलं. घंटेच्या दोरीला सील लागलं. मधुकररावांचं पद ‘वाहनचालक’ होतं ते ‘वारसा निवेदक’ झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आग कशी विझवत असत, हे त्यांनी भूतकाळात सांगायचं. आणि वस्तूच्या शंभर फुटांच्या परिघात आग, धूर व बिडी यांना सक्त मनाई.

वासुदेवराव धावत कचेरीत आले. “अन् माह्या गोदामाले आग लागली तं?”

योगेंद्रने टेप काढून अंतर मोजलं. “तुमचं गोदाम साठ फुटांवर हाये, काका. शंभर फुटांत आगीले मनाई. म्हनजे तुमच्याकडे आता आग लागूच शकत नाई. बेकायदेशीर होईन ते.”

वासुदेवरावांना दोन दिवस फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेकायदेशीर प्रकार घडला. त्यांचा मुलगा अंकुश लग्नाच्या लायटिंगची माळ लावून पाहत होता, ठिणगी गादीवर पडली. धूर दिसताच मधुकरराव हँडल घेऊन पळाले. तीस वर्षांची सवय, पाय विचारत नाहीत. साहेब दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले.

“हात लावू नका! वारसा आहे!”

“साहेब, आग लागली नं!”

“तेच म्हणतोय मी. वारशाला धोका आहे!”

त्यांनी स्वतः तालुक्याला फोन लावला. “आमच्या बंबाजवळ आग आली आहे. बंब वाचवायला ताबडतोब बंब पाठवा.” पलीकडच्या माणसाने विचारलं, “किती बंब, साहेब?”

तालुक्याची गाडी आली. जवानांनी पाइप सोडला, पण वारा गोदामाकडून बंबाकडे होता. पाणी मारलं तर चार थेंब वारशावर उडणार आणि वारसा ओला होता कामा नये. साहेबांनी पाइप बंद करायला लावला. आधी बंब झाका! ताडपत्री कुठे मिळेल? ताडपत्र्या होत्या त्या जळत्या गोदामात. आठ-दहा पोरं ओले रुमाल तोंडाला बांधून आत घुसली, चार ताडपत्र्या ओढून आणल्या आणि बंब झाकला.

“अरे, माह्या गाद्या जळून राह्यल्या, अन् तुमी ताडपत्र्या काऊन नेता!” वासुदेवराव ओरडत होते. त्यांची बायको कोकिळाबाई एकटी बादल्या भरून आणत होती. मधुकररावांनी हँडल फेकलं आणि तिच्या हातातली बादली घेतली. दोन म्हातारी माणसं आणि एक बादली. मला हे पाहताना लाज वाटली, खरंच वाटली. पण माझ्याही हातात बादली नव्हती, मोबाइल होता; मी व्हिडिओ काढत होतो.

झाकून झाल्यावर पाणी मारलं. तोवर गोदामात राख आणि नवरदेवाची एक खुर्ची उरली होती. तिचा एक हात जळला होता. पंचनाम्यात लिहिलं : ‘वारसा वस्तू सुरक्षित. हानी निरंक.’ मुख्याधिकाऱ्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. वासुदेवरावांना नोटीस मिळाली, शंभर फुटांच्या आत आग लावल्याबद्दल. ते आणि कोकिळाबाई आता बोरगाव मेघेला मुलीकडे राहतात.

ताडपत्री काढतानाचा तो व्हिडिओ मीच टाकला होता. लालभडक बंब हळूहळू उघडा पडतो, पितळी घंटा उन्हात चमकते, मागून धुराचा पडदा. तीन लाख लोकांनी पाहिला. तुम्हीही पाहिलात, तुमचं नाव मला यादीत दिसलं. तुम्ही लाल बदाम टाकला आणि खाली लिहिलंत, ‘असा वारसा जपायलाच हवा. धुराचा इफेक्ट कसा दिला?’