आबांच्या बैलांना तेलाची लस

गुरांच्या लशींमधलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या धुळ्यात कुणाला कळत नाही, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे. विचारा कुणालाही! म्हणजे, आता नका विचारू.

लढाईचे दिवस होते. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात घटसर्पाच्या दोन नव्या लशी तपासायला आल्या. मेलेले जंतू दोन्हींत तेच, पण एकीत तुरटी मिसळलेली आणि दुसरीत तेल. कशाला? तर लस अंगात एकदम विरून न जाता हळूहळू झिरपावी म्हणून. त्यातली बरी कोणती, ते ठरवायचं होतं. साहेबांनी गाव नेमून दिलं आणि मी मनातल्या मनात उडीच मारली! त्याच गावात अभिमन आबांची पुष्पा होती. तिच्यासाठी माझं स्थळ गेलं होतं आणि आबा अजून ‘बघू’ म्हणत होते.

मी ठरवलं, गावाला तुरटी आणि होणाऱ्या सासऱ्यांना तेल! तेल जास्त टिकणार, आबांचे बैल पावसाळाभर ठणठणीत राहणार, आणि आबा म्हणणार, जावई असावा तर असा!

पण तेल कसलं, काकवी ती! पिचकारीचा दट्ट्या दाबता दाबता माझा अंगठा वाकला. बैल उधळले. मग मानेवर जिथं सापडलं तिथं टोचलं. ती जागा नेमकी जू बसण्याची निघाली.

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, तोंडावर आली, तेव्हा दोन्ही बैलांच्या मानेवर कवठाएवढ्या गाठी! तुरटीवाले बैल मात्र लेकींना माहेरी आणायला घुंगरं वाजवत निघाले होते.

“लीलाधर, काय करी ठेवं हाई?” आबा कडाडले. “बठ्ठा गावना बैल जुपाई ग्यात, मनाच बसेल शेतस! वच्छलाले लेवाले कोन जाई?”

वच्छला ही त्यांची थोरली लेक. आबांना मुलगा नव्हता, म्हणून दरवर्षी तिला आणायला तेच जात.

“मी जातो ना! दवाखान्याचा टांगा आहे. तुम्हीही चला.”

“बैलेसले सोडीसन? जाय तूच!” म्हणत ते हळदीचा लेप घेऊन गोठ्यात बसले.

सणाला लेक आली नाही, तर त्या घरात पुष्पाचं नाव काढायची सोय उरली नसती. मी टांगा पिटाळला. वच्छलाबाईंचे सासरे चिंधा नाना भावकीसह ओट्यावरच बसले होते.

“तू कोन शे?”

आली का पंचाईत! जावई म्हणावं, तर काही ठरलेलं नाही. गुरांचा डॉक्टर म्हणावं, तर परक्याबरोबर सून कोण पाठवणार?

“भाऊ!” मी म्हणालो. “वच्छलाताईचा भाऊ!”

“अभिमनले पोऱ्या कव्हय व्हयना?”

“मानलेला! पण सख्ख्याहून सख्खा!”

मग काय! पाट मांडला गेला. वच्छलाताईनं डोळे पुसत मला ओवाळलं. नानांनी टोपी-उपरणं दिलं. परतताना मी टांग्यात शीळ घालत होतो.

दारात पुष्पाची आई, मंजुळाबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. वच्छलाताईनं टांग्यातूनच सगळं सांगितलं. मंजुळाबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “देवनी माले पोऱ्या दिधा व माय!” आणि त्या ढसाढसा रडायलाच लागल्या.

मी आबांकडे आशेनं पाहिलं. त्यांचाही राग पार विरघळला होता.

“जावई त कोनी बी भेटी,” ते म्हणाले, “पोऱ्या कोठे भेटस?”

त्या माउलीचं तोंड पाहून ‘मी भाऊ नाही’ असं सांगणं जिवावर आलं. पाय धुतले आणि जेवायला बसलो. पुष्पा वाढायला आली आणि खाली मान घालून म्हणाली, “भाऊ, रस वाढू का?”

गाठी जिरता जिरता पावसाळा लागला. साहेबांना मी कळवून टाकलं, तुरटीच बरी!

पुष्पाचं लग्न नशिराबादला झालं. पुढच्या आखाजीला चाळीसगावला गाडी बदलून, जळगावहून टांगा करून तिला आणायला कोण गेलं असेल? “या मेहुणे!” म्हणत तिच्या नवऱ्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. माणूस फार चांगला निघाला. त्याचाच जास्त राग आला!