सासूबाईंच्या एसीला दुप्पट भूक

माझं नाव ऐकून जर्मनीतल्या मान्हाइम शहराचे गुन्हेगार चळाचळा कापतात, असं माझं मत आहे. मी फोल्कमार एट्सेल, ट्रामचा निवृत्त तिकीट तपासनीस आणि हल्ली खासगी गुप्तहेर. बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे तिकीट निघायचं, हा भाग वेगळा.

या उन्हाळ्यात प्रकरण घरातच उपटलं. माझ्या सासूबाई, गेर्लिंडे, आमच्याच इमारतीत छपराखालच्या मजल्यावर एकट्या राहतात. गेल्या ऑगस्टमध्ये उकाड्याने चक्कर येऊन त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि आमचं धाबं दणाणलं. म्हणून यंदा मी त्यांना चाकांवरचा एसी आणून दिला. त्यांची अट एकच: दिवसाला दोन युरोंच्या वर वीज गेली, की मशीन परत.

मी हिशेब मांडला. मशीन एक किलोवॅटचं. चालणार बारा तास, पण खोली गार झाली की मधूनमधून स्वस्थ बसणार, म्हणजे खरं काम सहा तासांचं. सहा युनिटं, दोन युरो आणि वर थोडी चिल्लर. चिल्लर सासूबाईंनी मोठ्या मनाने सोडून दिली.

प्लगवरच्या छोट्या मीटरने पहिल्याच दिवशी तीन युरो दाखवले.

"शनिवारी घेऊन जा हे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पेन्शनीत असली थेरं बसत नाहीत."

"आई, शनिवारी अडतीस डिग्री सांगितलंय."

"मग सकाळीच ने. दुपारी जिन्यात तुलाच चक्कर यायची."

मी तपास हाती घेतला. दर तासाला घटनास्थळी जायचं, आधी खिडकी सताड उघडायची आणि मग विचार करायचा. कोंदट हवेत कुणाला काही सुचतं का? मी नसेन तेव्हा खिडकी सासूबाई उघडायच्या. त्या बाबतीत आमचं कधीच वाजलेलं नाही.

पहिला संशयित खालच्या मजल्यावरचा शेजारी क्नोब्लिख. त्याने नवी विजेची सायकल घेतली होती.

"तुमची सायकल चार्ज कुठे होते हो?" त्याला बेसावध पकडायला मी विचारलं.

"माझ्या घरात. का?"

"सहज."

त्याने जर्दाळूचा केक पुढे केला. मी उठेपर्यंत माझं ब्लडप्रेशर, आमचं भाडं आणि मेव्हणीचा घटस्फोट, सगळं त्याला कळलं होतं. चौकशी उत्तम झाली, फक्त ती त्याने केली.

दुसरा संशय थेट सासूबाईंवर. "आई, तुम्ही रात्री गुपचूप काय करता?"

"झोपते. तू काय करतोस?"

मग वाटलं, मीटरच खोटं बोलतोय. त्याला किटली लावून पाहिली. मीटर खरा निघाला आणि माझं बोट भाजलं. तेवढ्यात दिवसाचा आकडा चार युरोंवर गेला. माझ्या तपासाने गुन्हेगार चिडला असावा, असं मी सासूबाईंना समजावलं. त्यांनी मशीनचं खोकं बाहेर काढलं.

शुक्रवारी संध्याकाळी माझी बायको रोस्विथा बटाट्याची कोशिंबीर घेऊन वर आली आणि दारातच थबकली.

"खिडकी का उघडी आहे?"

"हवा बदलतोय," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मशीन चालू ठेवून?"

"बंद केलं तर उकडणार नाही का?" मी म्हणालो.

"आणि दिवसातून किती वेळा?"

"दर तासाला," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "हा येतो ते वेगळं."

रोस्विथाने वाडगा खाली ठेवला. "अरे, तुम्ही अख्खी गल्ली गार करताय. मशीनला बसायला उसंत कुठाय?"

मी खाली बसलो. माझा हिशेब तंतोतंत बरोबर होता. त्यात फक्त मला धरलं नव्हतं.

"सकाळी ऊन चढायच्या आत एकदा हवा बदलायची, बस्स," रोस्विथा म्हणाली.

"आणि भिंतीला बुरशी धरली तर?" सासूबाई.

"बुरशी पुसता येते, आई. तुला काही झालं तर मी काय करू?" सासूबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

शनिवारी भर दुपारी, घामाने निथळत, मी पाहणीसाठी वर गेलो. दाराला आतून कडी होती.

"कोण आहे?"

"मी, आई. मीटर किती झाला?"

"दोनाच्या आत राहील. मशीन मला परवडतं, फोल्कमार. तू परवडत नाहीस. जा खाली."

आवाज एकदम ठणठणीत होता. मी जिन्यातच बसलो आणि पोटभर हसलो.