किती तास झोपलात?

मोहितेसाहेब कुठल्याही वाहनात बसण्यापूर्वी चालवणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात. भाडं किती, हा नव्हे. "केटला कलाक ऊंघ्या, भाई?" म्हणजे किती तास झोपलास? उत्तर सहाच्या खाली आलं की नमस्कार करून दुसरी रिक्षा बघतात. बडोद्यात आमच्या हरणीच्या नाक्यावरचे रिक्षावाले आता त्यांना लांबूनच बघून "आठ, काका, आठ!" असं ओरडतात. तरी साहेब जवळ जाऊन डोळे तपासतात ते तपासतातच.

मोहितेसाहेब माझे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांची सगळी नोकरी प्रतापनगरला, रेल्वेत, इंजिन ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावण्यात गेली. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या दारात माणूस जायचा, त्याला उठवायचा आणि वहीत सही घ्यायचा. याला म्हणायचं 'कॉल'. ती वही साहेबांच्या ताब्यात. वहीत आयुष्यात एक खोटी नोंद केली नाही, हे ते मला दर चार दिवसांनी सांगतात. एकदा वरिष्ठांनी विश्रांती पुरी न झालेला ड्रायव्हर पाठवायला सांगितलं. हे म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, मी पाठवतो." कोणी लिहून दिलं नाही आणि मालगाडी पाऊण तास जागची हलली नाही.

मला आयुष्यात कोणी कशात पहिला नंबर दिला नाही. मोहितेसाहेबांनी दिला. मी रात्री साडेनवाला आडवा होतो, तो सकाळी साडेसहाला उठतो. माझी बायको याला वेगळं नाव देते, साहेब 'फुल रेस्ट' म्हणतात. त्यामुळे भाजीबाजारापासून बँकेपर्यंत माझ्या स्कूटरवर मागे तेच बसलेले असतात.

स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. वऱ्हाडाची बस वासण्याला, मुलीच्या गावी, निघायची होती. ड्रायव्हर बिचारा खरं बोलला, तीन तास म्हणाला. साहेबांनी त्याला नवरदेवाच्या गादीवर झोपवलं, वर पंखा लावून दिला. नवरदेव मुंडावळ्या बांधून ओट्यावर बसला. मुहूर्त गेला, गुरुजींनी दुसरा काढला, मुलीकडच्यांचा श्रीखंड-पुरीचा बेत पार दुपारच्या चहावर जाऊन आदळला. तेव्हापासून नातेवाईक त्यांना पत्रिका आवर्जून देतात, पण बसची वेळ बस निघून गेल्यानंतरची सांगतात.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी विमान चालवते. केतकी. दिल्लीला राहते, कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसते. आई गेल्यापासून घरात हे एकटेच. बापलेकीचा रोजचा फोन मी कितीदा ऐकलाय. "किती?" "सात." "बरं." संपला फोन.

पण विमान कंपन्यांकडे विमानं उदंड आणि पायलट कमी. केतकीला सुट्टीच्या दिवशी फोन यायचा, येतेस का, तासाचे जादा पैसे देऊ. साहेब भडकायचे. "तासावर पगार दिला की माणूस झोपेचे तास विकायला काढतो! स्पेअर माणसं ठेवायला काय होतं यांना?" एकदा त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकिटासाठी एक दाबा, सामानासाठी दोन दाबा. साहेब त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला चढ्या आवाजात विचारत होते, "ड्यूटी लावणाऱ्यासाठी कुठलं बटण, ते सांगा ना!"

केतकी रात्रीची उडत असली की साहेब मोबाइलवर तिच्या विमानाचा ठिपका बघत बसतात. ठिपका थांबला किंवा पुन्हा हलला की मला मेसेज टाकतात. मी सकाळी उठून वाचतो: 'पुणे उतरली, १.४०.' 'पुण्याहून निघाली, २.२५.' 'कोलकाता उतरली, ४.५५.' मी दात घासता घासता अंगठा पाठवतो.

परवा केतकी दोन दिवस घरी आली होती. निघायच्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो, तर बापलेकीची जुंपलेली. एका नव्या कंपनीने तिला बोलावलं होतं. एअर टॅक्सी. बॅटरीवर उडणार, चार माणसं बसणार, बडोद्याहून अहमदाबाद, सुरत. पगार कमी, पण रोज संध्याकाळी घरी.

"हवेतला छकडो!" साहेब म्हणाले. छकडो म्हणजे इकडची खेड्यापाड्यांत माणसं कोंबून नेणारी तीनचाकी. "आणि पुढे तर त्यात ड्रायव्हरच नसणार म्हणे. मग विचारायचं कोणाला, किती तास झोपलास?"

"बॅटरीला विचारा, किती तास चार्ज झालीस," केतकी हसून म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "काका, आत्ताच्या कंपनीत माझा कॅप्टनच्या ट्रेनिंगला नंबर लागलाय. मला तेच हवंय. पण बाबा इथे रात्र रात्र जागत असतील, तर मी छकडो चालवेन. आजच कळवायचंय. बाबा, खरं सांगा. मी रात्रीची उडत असते तेव्हा तुम्ही किती तास झोपता?"

अख्ख्या बडोद्याला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो कोणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"सात," साहेब म्हणाले.

केतकी माझ्याकडे वळली. "काका?"

माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये पुणे, कोलकाता, सगळं वेळेनिशी होतं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. चहा केव्हाच गार झाला होता.

"सात कसले, आठ," मी म्हणालो. "भिंतीपलीकडे घोरणं ऐकू येतं."

केतकी खळखळून हसली आणि तिथल्या तिथे एअर टॅक्सीवाल्यांना नकार कळवून मोकळी झाली. साडेबाराला टॅक्सी आली. साहेबांनी ड्रायव्हरचे तास विचारले, डोळे तपासले, बॅग ठेवली. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर येऊन झोपाळ्यावर बसले.

"पहिली खोटी नोंद," ते म्हणाले.

"खाली सही माझीपण आहे," मी म्हणालो.

"रोज संध्याकाळी दिसली असती हो," साहेब म्हणाले. मग त्यांनी उशी ओढली. "दोनच्या सुमाराला तिचं विमान इथून वरून जाईल. तोवर पडतो जरा. मला कॉल द्या."

दोन वाजून गेल्यावर विमान गच्चीवरून गेलं. खिडक्या थरथरल्या. साहेब तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, एक पाय झोपाळ्याखाली लोंबत होता. मी दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर उठवणाऱ्या माणसाला उठवायचं मला काही जमलं नाही. मोबाइल काढला आणि त्यांच्याच पद्धतीने केतकीला मेसेज टाकला: 'बाबा झोपले, २.१०.'