पऱ्हाटीच्या सरळ काड्या

माझ्या हातून प्रयोग फसत नाही, असं मी आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजात अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो! साल २००६. कापूस बुडाला होता, हसण्यासारखे दिवस नव्हते. संशोधनासाठी नागपूरला जायची एकच जागा होती आणि ती माझ्या विद्यार्थिनीला, दीपाला मिळायला हवी होती. नाही तर तिचं शिक्षण संपलं! या काळजीने मला जेवण जात नव्हतं.

त्यासाठी परीक्षकांपुढे एक प्रयोग करून दाखवायचा होता. प्रयोग सोपा. परातीत वाटाणे दाटीने हलवा, ते कुठेही तोंड करत नाहीत. गोलाला तोंडच नसतं! सरळ काड्या मात्र दाटीत आपोआप एका दिशेला वळतात, तरी सरकत्या राहतात. कॅल्क्युलेटरच्या पडद्यातले द्रव स्फटिक असेच. दीपाने बोरी अरब गावाहून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं आणली. आठ दिवस बसून सरळ काड्या सारख्या कापून खोक्यात भरल्या. फाटे फुटलेल्या काड्या पोत्यात टाकल्या.

परीक्षक आले आणि खोकं रिकामं! मी धावत मागे गेलो. आमच्या कॉलेजात चहा करणाऱ्या कांताबाई चुलीपुढे बसल्या होत्या.

"काड्या कुठं आहेत?"

"जाळल्या नं सर! पाहुण्यायच्या चहाले सरळ काडीच पाह्यजे, धूर नाही करत. फाट्याच्या ठेवल्या तुमच्यासाठी. तुम्ही त्या नुसत्या हलवूनच राह्यले!"

पोतं परातीत ओतलं. मी हलवलं. घामाघूम होईस्तो हलवलं! फाट्यात फाटा अडकून सगळ्याचं एकच घरटं झालं.

"काहीच वळलं नाही," परीक्षक म्हणाले.

"हवेतला दमटपणा..." मी सुरू केलं. मार्च महिना होता!

"दमटपणा नाही, सर," दीपा म्हणाली. "फाटा अडकला की काडीले सरकाले जागा राहत नाही. सरळ काड्या एकीकडं वळल्या की सगळ्यायलेच जास्त जागा भेटते, म्हणून त्या वळतात. आकार बदलला की वागणं बदलते."

परीक्षकांनी परातीतला एक फाटा ओढून पाहिला. मग त्यांनी निवडीच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

"प्रयोगासाठी मदत कोणाची?" त्यांनी विचारलं. मी कॉलर सारखी केली.

"कांतामावशीची," दीपा म्हणाली. "त्याइनं सरळ काड्या जाळल्या नसत्या, तं फाट्याचं मले सुचलंच नसतं."

कांताबाईंचं नाव लिहितानाच नेमकं परीक्षकांचं पेन संपलं. मी माझं दिलं. दुसरं काय करणार!