कोपरा कापलेलं कार्ड

सोमवारी दुपारी पोस्टमन दत्तोबा कासारवाडीतल्या उद्धवरावांच्या दारात आला, पण नेहमीसारखा ओट्यावर टेकला नाही. एरवी तो आधी पाणी मागायचा, मग कार्ड स्वतः वाचायचा आणि मजकूर पटला की मगच ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. आज तो अंगणातच उभा राहिला आणि कार्ड अंगापासून लांब धरून म्हणाला, "आत्याबाई, बाहेर या. चुलीवर काही असलं तर आधी उतरवा."

शालनबाई ही उद्धवरावांची थोरली विधवा बहीण. सगळी आळी तिला आत्याबाई म्हणे. ती पदराला हात पुसत बाहेर आली, तिनं कार्डाकडं पाहिलं आणि उंबऱ्यातच बसली. कार्डाचा डावीकडचा कोपरा नव्हता.

मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून टाकायचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. असं कार्ड घरात न्यायचं नाही, दारातच वाचायचं आणि नष्ट करायचं.

"कोण?" आत्यानं विचारलं.

"इंग्रजीत आहे. वर श्री नाही. पत्ता उद्धवरावांचा आहे, एवढं लागतंय."

"शिक्का कुठला?"

"पुण्याचा."

"जुन्नरची डाक पुण्यावरूनच येते ना?"

"येते की."

"मग आबाजी गेला," आत्या म्हणाली. "त्याचा थोरला कचेरीत कारकून आहे. तोच इंग्रजीत लिहिणार. दुसरं आहे कोण आपल्याकडं इंग्रजीत मरणारं?"

आबाजी म्हणजे तिचा चुलतभाऊ. गेली दोन वर्षं तो दम्यानं बेजार होता. त्यामुळं आत्याचा हिशेब दत्तोबालाही पटला. शेजारची सून पोटुशी होती, तेव्हा असलं कार्ड संध्याकाळपर्यंत दारात ठेवणं शक्य नव्हतं. आत्यानं ते दत्तोबाकडून फाडून घेतलं, तुकडे परसात जाळले आणि आडाच्या गार पाण्यानं अंघोळ करून गळा काढला.

हे कार्ड पुण्याच्या एका कॉलेजातल्या ग्रंथालयानं पाठवलेलं होतं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. ज्याच्यासाठी उद्धवरावांची मुलगी सुमन दोन महिने डोळे लावून बसली होती, तेच ते कार्ड.

सुमन चिंचवडच्या शाळेत शिकवायची आणि घरी राहून बी.ए.ची परीक्षा द्यायची. मार्चमध्ये ती पास झाली तर शाळेत कायम होणार होती, नाही तर जूनपासून तिच्या जागी दुसरा मास्तर यायचा होता. बाकी विषय तयार होते, अडलं होतं तर्कशास्त्रापाशी. नेमलेलं पुस्तक बाजारात संपलेलं. ग्रंथालयानं एक प्रत विलायतेहून मागवली होती. पुस्तक आलं की कार्ड पाठवू, आठवड्यात न्यायला आला नाहीत तर पुढच्या नंबराला जाईल, असं तिथल्या ग्रंथपालांनी बजावलं होतं. लग्नाच्या मुलीच्या नावानं उघडं कार्ड येणं बरं दिसत नाही, म्हणून तिनं पत्ता मात्र वडिलांच्या नावानं दिला होता.

दुपारी आळीतल्या एकानं सायकलवरून पिंपरीला जाऊन उद्धवरावांना कारखान्याच्या फाटकावर निरोप दिला. ते घरी न येता अंगावरच्या कपड्यांनिशी जुन्नरच्या एस.टी.त बसले. सुमन शाळेतून आली तेव्हा दारात बायका जमल्या होत्या आणि चूल थंड होती.

"कुणी लिहिलंय? कार्ड बघू," ती म्हणाली.

"जाळलं. आधी डोक्यावरून पाणी घे."

तिनं पाणी घेतलं. जानेवारीचं पाणी सुईसारखं टोचत होतं. आबाजीकाकानं तिला लहानपणी जुन्नरच्या घरी अंगणात राख पसरून अक्षरं गिरवायला शिकवली होती. 'श' काढताना तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे तिला त्याची चूक दाखवता यावी. हे तिला किती वर्षांत आठवलं नव्हतं. मागच्या दिवाळीत जुन्नरला जाऊन यायचं म्हणत होती, ते अभ्यासापायी राहिलं, हेही त्याच पाण्याबरोबर अंगावर आलं.

पुढचे तीन दिवस शाळा बंद, देवाला दिवा नाही, जेवण शेजारून. आत्याचं आणि आबाजीचं एका तांब्याच्या बंबावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. आता ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "काय मेलं त्या बंबाचं! मागितला असता तर दिला असता गं मी. माणसापेक्षा काय बंब मोठा?"

"अकरा वर्षं तो मागतच होता ना आत्या?" सुमननं हळूच विचारलं.

"मागायची एक पद्धत असते," आत्या डोळे पुसत म्हणाली.

रोज दुपारी सुमन दत्तोबाची वाट बघायची. "आज पुण्याचं काही आलं?"

दत्तोबा मान हलवायचा. "नाही ताई. आणि असल्या दिवसांत पुस्तकाचं विचारू नये."

तिलाही ते लाजिरवाणं वाटे. तरी दुसऱ्या दिवशी ती विचारायचीच.

बुधवारी तिन्हीसांजेला उद्धवराव परतले. त्यांच्यामागून काठी टेकत, खोकत आबाजी आला. दारातल्या बायका किंचाळून दूर झाल्या.

"मी जिवंत आहे, हे दाखवायला आलोय," आबाजी ओट्यावर बसत म्हणाला. "हा उद्धव तिथं पोचला तेव्हा मी भाकरी खात होतो. माझ्याकडं बघून हा रडायला लागला. मी म्हटलं, अरे, कोण गेलं? तर म्हणतो, तुम्ही!"

सगळे हसले, रडले, चहा झाला. मग आबाजी आत्याकडं वळून म्हणाला, "शालन, बाहेर बायका सांगत होत्या, तू मला बंब देणार म्हणालीस."

आत्यानं पदर सारखा केला. "ते मेल्यावरचं बोलणं होतं."

सुमनला आधी हसू आलं. तीन दिवस आबाजी या घरात इतका चांगला माणूस होता, आणि आता तो आला तर पुन्हा बंब उरला. तिनं त्याच्याजवळ बसून त्याची पाठ चोळली. 'श'बद्दल मात्र तिला विचारता आलं नाही.

पण मग कार्ड कुणाचं? दत्तोबानं चुकीच्या दारी दिलं असणार, असं ठरलं. दत्तोबा दोन दिवस रुसून बाहेरूनच डाक टाकत राहिला.

ग्रंथालयाकडून काही येईना. शेवटी पुढच्या गुरुवारी सुमन रजा काढून पुण्याला गेली. ग्रंथपाल यशवंतरावांनी वही उघडली.

"आपल्याला कार्ड पाठवलेलं आहे. मुदत संपली. पुस्तक आता पुढच्या नंबराचं. तळवड्याचे रंगराव. शनिवारी पाचपर्यंत ते आले नाहीत, तर आपलं."

"पण मला कार्ड मिळालंच नाही!"

"ही नोंद बघा. 'कोपरा कापून रवाना.'"

सुमननं खिडकीची कड धरली. "कोपरा कापून?"

"माझी पद्धत," यशवंतराव खुलून म्हणाले. "पुस्तक परत करा म्हणणारं कार्ड अख्खं. पुस्तक आलंय, न्या म्हणणारं कोपरा कापलेलं. छपाई सारखीच असते. खिडकीवर कितीही गर्दी असो, कार्ड हाताला लागलं की कळतं."

"अहो, कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं, ठाऊक नाही का तुम्हाला?"

"ठाऊक आहे की. पण ते फाडलेलं असतं. आम्ही कात्रीनं कापतो. सरळ."

यशवंतराव तसेच पुढं म्हणाले, "पुण्यातल्या वाचकांना शिपायाहाती चिठ्ठी जाते, ते लगेच येतात. कार्डं बाहेरगावच्यांना. ते काही येत नाहीत. हे कपाट बघा. सगळी मुद्दाम मागवलेली पुस्तकं. मी वार्षिक अहवालात लिहिलंय, खेड्यांतून वाचनाची आस्था कमी."

कपाटात दहा पुस्तकं होती. प्रत्येकात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गाव: चाकण, वडगाव, खेड, तळेगाव, तळवडे. सुमन एकेक चिठ्ठी वाचत गेली. दहा उंबरे, दहा थंड चुली, आणि न मेलेली दहा माणसं.

"कोपरे कापू नका," ती म्हणाली. "लोक येतील."

"पद्धत मंजूर झालेली आहे. बदलायची तर समितीपुढं मांडावं लागेल."

तिनं दहाही पत्ते उतरवून घेतले. पोस्टातून कार्डं घेतली आणि स्टेशनच्या बाकावर बसून नऊ लिहिली. सगळ्यांच्या वर ठळक श्री घातली. खाली एकच मजकूर: कुणी गेलेलं नाही, तुमचं पुस्तक आलं आहे.

नऊही पेटीत टाकली. दहावा पत्ता रंगरावांचा. आता कार्ड टाकलं तर ते तळवड्याला लवकरात लवकर शनिवारी पोचणार. रंगराव पुण्यात येईपर्यंत पाच वाजून जाणार आणि पुस्तक तिचं होणार. तिनं तर कळवलेलंच असणार. कुणी दोष दिला नसता. कार्ड हातात धरून ती गाडीत बसली.

गाडी कासारवाडीला थांबली. आळीतली एक बाई उतरता उतरता म्हणाली, "काय गं, उतरायचं नाही?" सुमननं मांडीवरच्या कोऱ्या कार्डाकडं पाहिलं. आडाचं ते पाणी तिला आठवलं. "पुढं काम आहे," ती म्हणाली.

देहूरोडला उतरून ती चालत तळवड्याला पोचली. रंगरावांचं घर विचारावं लागलं नाही. एका अंगणात माणसं गप्प बसली होती आणि मधोमध तिशीतला एक माणूस, डोकं आणि ओठ सफाचट, खांद्यावर पंचा. त्याची आई कौशल्याबाई पुढं आली.

"कुठनं आलीस गं बाई? आमच्या भाऊजींच्या वळखीची का?"

"कार्ड कुणी वाचलं, आजी?"

"वाचायचं काय त्यात? कोपराच न्हवता. रंग्या कामावर होता, मीच इंद्रायणीत सोडलं. ह्याचा चुलता मुंबईला मिलमदी हाय, तीन म्हयनं आजारी. कवा गेला त्ये बी कळंना, म्हणून तीन दिसांत समदं उरकलं."

"ते गेले नाहीत. निदान त्या कार्डात तरी तसं काही नव्हतं. ते कार्ड ग्रंथालयाचं होतं."

मधोमध बसलेल्या रंगरावांनी सावकाश विचारलं, "तर्कशास्त्र आलं?"

"आलं."

त्यांचा हात आधी डोक्यावर गेला, मग ओठावर, आणि तिथंच राहिला.

कौशल्याबाई खाली बसली. "म्हंजी भैरूभाऊजी हाईत?" आणि दुसऱ्याच श्वासाला तिचा आवाज चढला. "मंग त्या गड्यानं दिवाळीपास्नं एक कागुद का धाडला न्हाई?"

सुमननं शनिवारची मुदत सांगितली. "उद्याच जा. नाही गेलात तर ते मला मिळेल. मलाही हवंय, म्हणून आधीच सांगते."

"तुम्हालाही हवंय, आणि इतक्या लांब चालत आलात?" रंगराव तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मिशी मी सतराव्या वर्षापासून राखलीय. हे तोंड घेऊन मी पुण्यात पाऊल ठेवत नाही. मी चिठ्ठी देतो, माझा नंबर तुम्ही घ्या. महिनाभर वाचा."

"आणि महिन्यानं?"

"आमच्या घराण्यात मिशी लवकर येते."

अंगणातली माणसं तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. कुणीतरी चूल पेटवायला आत गेलं. चहा पिऊन, चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधून सुमन निघाली, तेव्हा कौशल्याबाई तिला पोचवायला पार वेशीपर्यंत आली.

"वाचून झालं की तूच घिऊन ये, बाई," ती म्हणाली. "कार्ड मातुर धाडू नगंस."